डावा हात आडवा, पण खेळ चालू

प्रिय संजय,

सप्रेम नमस्कार.

सॉफ्टबॉलची अंपायरिंग करताना ऑब्स्ट्रक्शनचं, म्हणजे फिल्डरने रनरची वाट अडवण्याचं, गणित सुटत नाही, असं तू लिहिलंस. बहुतेकांचा घोळ एकाच ठिकाणी होतो. अडथळा दिसतो एका क्षणी, निकाल द्यायचा असतो नंतर, आणि आपण दोन्ही एकदमच उरकायला जातो.

फिल्डरच्या हातात चेंडू नाही, बॅटवरून आलेला चेंडू अडवण्याच्या प्रयत्नातही तो नाही, आणि त्याच्यामुळे रनर थबकला किंवा वळसा घालून गेला, की झालं ऑब्स्ट्रक्शन. धक्का लागायलाच हवा असं नाही. हेतू तर बघायचाच नाही. चेंडू नसताना टॅगचं (चेंडू धरलेल्या हाताने रनरला शिवण्याचं) नाटक केलं आणि रनर त्याला फसून घसरला, तरी तेच. ‘चेंडू येतच होता’ ही कॅचरची नेहमीची सबब, ती सोडून दे. मात्र कॅचर प्लेट अडवून उभा आहे, पण रनर अजून वीस फुटांवर आहे आणि त्याचा वेग तसूभरही कमी झालेला नाही, तर काहीच घडलेलं नाही.

दिसलं की डावा हात आडवा, मूठ बंद. चेंडू जिवंतच राहतो, म्हणजे खेळ थांबत नाही. तेव्हाच मनात ठरव: अडथळा नसता तर हा कुठपर्यंत पोचला असता?

समज, चेंडू दोन आउटफिल्डरांमधून लांब गेला आणि पहिल्या बेसवर वळताना फर्स्ट बेसमन आडवा आला. तू मनात दुसरा बेस धरलास. रनर वाटेत टॅग झाला तर त्या वेळी डेड बॉल, म्हणजे खेळ थांबवायचा, आणि त्याला दुसरा बेस. तो दुसरा ओलांडून तिसऱ्याकडे पळाला आणि पाच पावलं अलीकडे टॅग झाला, तर आऊट; ती जोखीम त्याची. आता गंमत बघ. तू मनात पहिलाच बेस धरला असतास, तरी पहिल्या-दुसऱ्याच्या मध्ये त्याला टॅगवर आऊट देता येत नाही, परत पहिल्यावर पाठवायचं. ‘एक बेस फुकट’ असा नियम नाहीच.

हे संरक्षण सगळ्यांतून वाचवत नाही. रनरने बेसला पाय न लावता तो चुकवला आणि फिल्डिंग संघाने अपील केलं, त्याने पुढच्या रनरला ओलांडलं किंवा त्यानेच इंटरफिअरन्स केला, म्हणजे फिल्डरच्या खेळात अडथळा आणला, तर आऊटच.

फटका मारताना बॅट कॅचरच्या ग्लोव्हला लागली, तर तेही ऑब्स्ट्रक्शनच; हात तसाच दाखव. बॅटर पहिल्यावर सेफ पोचला आणि बाकीचे सगळे निदान एकेक बेस पुढे गेले, तर ते ऑब्स्ट्रक्शन विसरून जा. नाहीतर बॅटिंग संघाच्या मॅनेजरला विचार: बॅटरला पहिला बेस हवा, की झालेला खेळ तसाच ठेवायचा?

तुझा,
विवेक