मनीषा, दाखला लिहिण्याआधी

चि. मनीषा हिस,
अनेक आशीर्वाद.

सोमवारी तू आरोग्य केंद्रात डॉक्टर म्हणून रुजू होशील. तुझी आई कळण्याचं पीठ आणि बिबड्या बांधतेय. मला एक सांगायचंय, ते फोनवर नीट सांगता येईना म्हणून लिहितो.

हॅरॉल्ड शिपमनचं नाव तू ऐकलं असशील. मँचेस्टरजवळच्या हाइड गावचा डॉक्टर. म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन तपासायचा, म्हणून गावाचा त्याच्यावर फार जीव. घरी जाऊन डायमॉर्फिन टोचायचा, म्हणजे जोरदार वेदनाशामक, जास्त दिलं तर जीव जातो, आणि मृत्यूच्या दाखल्यावर कधी म्हातारपण, कधी हृदयविकार लिहायचा. २००० साली १५ खुनांसाठी जन्मठेप झाली. पुढे सरकारी चौकशीत २१५ बळी नक्की ठरले, त्यात १७१ बाया. आपल्याकडेही म्हणतात ना, ‘डाक्टर म्हंजे देव शे’. तिथंही तेच होतं.

त्याच्यावर संशय आला तो अंत्यविधीचं काम करणाऱ्या एका बाईला. त्याचे पेशंट सापडायचे ते खुर्चीत बसलेले, अंगावर नेहमीचे कपडे, आजाराची खूण नाही. तिचा हात रोज प्रेतांना लागायचा, म्हणून तिला ते खटकलं. एक टॅक्सीवालाही आपल्या गेलेल्या गिऱ्हाइकांची यादी ठेवून होता. शेजारच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी मार्च १९९८ मध्ये वर कळवलं. पोलिसांनी वरवर पाहिलं आणि प्रकरण मिटवलं. त्यानंतर त्यानं आणखी तिघींना मारलं.

त्यातली शेवटची ८१ वर्षांची होती. तिच्या नावाचं खोटं मृत्युपत्र त्यानं केलं. तिची मुलगी वकील, तिला ते पटेना. पुरलेलं प्रेत उकरून तपासलं तेव्हा औषध सापडलं. पुरलेलं होतं म्हणून सापडलं, पोरी. आपल्याकडे वैशाखात सकाळी गेलेल्या माणसाची दुपारी राख होते.

चाळीस वर्षं मी गल्लीत तिरड्या बांधतोय, तुला ठाऊक आहे. सहा वर्षांपूर्वी एका म्हाताऱ्याला आंघोळ घालताना कोपराच्या वर निळं दिसलं. डॉक्टर घरी आलेच नव्हते. नातवाला फोनवर चार शब्द विचारून त्यांनी दाखला धाडला, कारण ‘हार्ट’. काही नसेलही, सलाइनचा डाग असेल. पण मी कुणाला विचारलं नाही. उन्हं वाढत होती, पाहुणे घाई करत होते, मी सुतळी आवळली. ते निळं अजून डोळ्यांसमोर येतं.

तुझ्या सहीवर आता माणसं जाळली जातील. म्हणून सांगतो, प्रेत पाहिल्याशिवाय सही करू नकोस, रात्री दोन वाजता बोलावलं तरी जा. मान, हात, डोळे, सगळं पाहा. घरचे ओरडले तरी ओरडू दे. आणि उद्या एखाद्या सिस्टरनं किंवा ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरनं तुझ्याच औषधाबद्दल विचारलं, तर रागावू नकोस, त्याला केसपेपर दाखव.

त्या गावातही तिरडी बांधणारा कुणी असेलच. पहिल्या आठवड्यात त्याचं घर शोध आणि तुझा नंबर त्याला देऊन ये.

तुझे,
आबा