कुंदा, आधी खड्डा नीट बघ

लांजा तालुका,
कार्तिक शुद्ध सप्तमी

प्रिय कुंदा,

सप्रेम नमस्कार.

तुझे फोटो आणि त्याखालचा चिडका मजकूर काल रात्री मिळाला. भोरजवळ एवढं हौसेने घर बांधलंस, अंगणापुढे निशिगंध आणि झेंडूचे वाफे केलेस, आणि ऐन दिवाळीत कोणीतरी येऊन सगळं उकरून गेलं. तुझा माळी म्हणतो डुक्कर, शेजारचे म्हणतात साळिंदर, आणि तू म्हणतेस कुंपणाच्या तारेला विजेचा झटका देणारं ते झटका मशीन उद्याच मागवते. फोनवर एवढं बोलणं व्हायचं नाही, आमच्याकडे रेंज चिंचेखाली उभं राहिलं तरच मिळते आणि तिथे संध्याकाळी डास फोडून काढतात. म्हणून सरळ पत्र लिहायला बसले.

मशीन आठवडाभर थांबव. तू फोटो दुरून काढलेयस, त्यात तुझं दुःख दिसतं, खड्डा दिसत नाही. तरी दुसऱ्या फोटोवरून थोडं कळलं. डाव्या कोपऱ्यातले झेंडू उपटून बाजूला फेकलेत, एक पान खाल्लेलं नाही, माती वीतभर खोल पण ऐसपैस उलथलीय. हे डुकराचं काम. नाकाने ढकलत जातं ते, जणू कोणी आडवातिडवा नांगर फिरवलाय. निशिगंधाच्या ओळीत मात्र प्रकार वेगळा आहे. तिथे लहान लहान खोलगट खड्डे, पाती बुंध्याशी कापून पडलेल्या आणि खालचा कंद गायब. हे साळिंदर. म्हणजे माळी आणि शेजारी दोघंही खरं बोलतायत, आणि तुझ्याकडे दोन वेगवेगळे पाहुणे येतायत.

खात्री करायची असेल तर रात्री वाफ्याकडेने चुलीतली राख चाळून पसर. डुकराचे दोन टोकदार खुरांचे ठसे उमटतात, माती मऊ असेल तर मागे दोन बारीक टिंबंही दिसतात. साळिंदराचा तळवा रुंद, आणि मागे काटे घासटत गेल्याच्या रेघा. एखादा काळा-पांढरा पट्ट्यांचा काटा सापडला तर विचारायलाच नको. बिळाच्या तोंडाशी ताज्या मातीचा ढीग दिसला तर ती घूस, तिची गोष्ट निराळी. आणि बोटभर रुंदीची नुसती टोचल्यासारखी भोकं असतील तर मुंगूस किडे शोधतंय, त्याला काही करू नकोस, ते तुझंच काम करतंय.

आता डुक्कर. त्याला तुझ्या झेंडूशी काही देणंघेणं नाही. त्याला हवेत गांडुळं आणि हुमणी, म्हणजे मातीतल्या मुळं खाणाऱ्या अळ्या. तू लिहिलं होतंस की पावसाळ्याआधी गोठ्यातलं ट्रॉलीभर शेण थेट वाफ्यात घातलंस. तेच आमंत्रण. हुमणीचे भुंगे वळवाच्या पहिल्या सरींनंतर तिन्हीसांजेला जमिनीतून वर येतात, कडुलिंब, बाभूळ, बोरीचा पाला खातात आणि मातीत अंडी घालतात. शेणकाल्याची मऊ माती मिळाली तर त्यांना आणखी काय हवं? दिवाळीपर्यंत इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या पांढऱ्या जाड अळ्या तयार होतात. डुकराची नजर बेताचीच, पण नाक असं की मातीखालची अळी त्याला बसल्या जागी कळते. तू कितीही उंच कुंपण घाल, आत पंगत मांडलेली असेल तर ते वाट शोधणारच.

म्हणून आधी वाफे खणून अळ्या वेच आणि कोंबड्यांना टाक. शेजारच्यांकडे आहेत ना कोंबड्या? पुढच्या वर्षी पूर्ण कुजलेलंच खत घाल, हाताला काळं, भुसभुशीत लागणारं, ज्याला शेणाचा वास येत नाही असं. त्यात मेटारायझियम ही बुरशी मिसळलीस तर ओल्या मातीत ती हुमणीला मारते, कृषी विद्यापीठांकडे मिळते. आणि वळीव पडला की संध्याकाळी कडुलिंबाच्या फांद्या हलवून पडलेले भुंगे रॉकेलच्या पाण्यात टाक. हे काम एकट्या घराने करून भागत नाही, वाडीतल्या सगळ्यांनी केलं तर गुण येतो. मुलांना सांग, त्यांना फार आवडतं.

कुंपणाचं म्हणशील तर आमच्याकडे चिऱ्यांचा गडगा आहे, पण नुसत्या रचलेल्या गडग्याला डुकराने खांदा लावला की चिरे ढासळतात. जुन्या साड्या बांधतात लोक शेताभोवती, हलणाऱ्या रंगीत कापडाला ते चार दिवस बिचकतं, मग सरावतं. न्हाव्याकडचे केस पसरणं तसंच, हुंगताना नाकात जातात म्हणून टाळतं, पण एक पाऊस आला की संपलं. माझा भरवसा हळदीवर. वाफ्यांच्या बाहेरून हळदीच्या दोन ओळी लाव. हळदीच्या वाटेला डुक्कर फारसं जात नाही, शिवाय पानं पातोळ्यांना होतात. (तुमच्याकडे घाटावर पातोळ्या करत नाहीत हे मला कधी पटलेलं नाही.)

साळिंदराला हळदीने काही फरक पडेल असं मला वाटत नाही. ते कंद, मुळं, साल खाणारं जनावर, त्याला निशिगंध, ग्लॅडिओलस, कर्दळ म्हणजे ताट वाढून ठेवल्यासारखं. लाकडी फळ्या कुरतडतं, कोंबड्यांची पातळ जाळी फाडतं, आणि कुंपणाच्या बुडाशी उकरून आत येतं. बरी गोष्ट एकच, बहुधा रोज एकाच वाटेने येतं. ती वाट राखेवर सापडली की तिथेच जाड वेल्डमेश, म्हणजे जोडलेल्या तारांची चौकोनी जाळी, उभी कर, फूटभर जमिनीत पूर आणि खालचा भाग बाहेरच्या बाजूला काटकोनात वळव. उकरायला बसलं की पंजे जाळीवर अडकतात आणि दोन पावलं मागे सरकून उकरायची बुद्धी त्याला सहसा होत नाही.

त्याहून सोपं म्हणजे वाफ्यातच जाळी आडवी घालणं. चैत्र-वैशाखात कंद नव्याने लावशील तेव्हा ते दोन-अडीच इंच खोल लाव, वर दोन इंची चौकोनांची वेल्डमेश अंथर आणि तिच्यावर दोन बोटं माती. पाती चौकोनातून वर येतात, दांडाही येतो, खालचा कंद सुरक्षित. जाळी अखंड घालू नकोस. निशिगंध दोन-तीन वर्षांनी काढून कंद सुटे करावे लागतात, तेव्हा तुकडे असले तर उचलता येतात. कडा मात्र विटांनी दाबून टाक.

कुत्रा सोडते म्हणालीस, तो साळिंदरावर सोडू नकोस. साळिंदर काटे फेकतं ही भाकडकथा, पण पाठ वळवून मागे धावतं आणि काटे अंगात रुतवून जातं, वाघ-बिबटेही त्याने जायबंदी होतात.

आता झटका मशीन. बॅटरीवरचं किंवा सौर, प्रमाणित असेल तर माझा विरोध नाही. त्यात साधारण सेकंदाला एकदा क्षणभराचा झटका येतो, जनावर दचकतं, मरत नाही. पण तारेला गवत टेकलं की जोर उतरतो, म्हणजे पावसाळाभर तारेखालचं गवत कापत बसायचं. फुलांच्या चार वाफ्यांसाठी एवढा व्याप कशाला? आणि तुझा माळी घरच्या लाइनची वायर सरळ कुंपणाला जोडू म्हणाला, तर त्याला तिथेच थांबव. तो गुन्हा आहे, आणि अशा तारेने दरवर्षी माणसंच मरतात. फासकीही नको. इकडे डुकरासाठी लावलेल्या फासकीत बिबटे सापडतात. कोणी फोरेटच्या दाण्यांच्या पुरचुंड्या टांगायला सांगेल, त्यालाही नको म्हण. ते जहाल विष आहे आणि 31 डिसेंबर 2020 पासून देशात त्याच्या वापरावर बंदी आहे. डुक्कर आणि साळिंदर दोन्ही 1972 च्या वन्यजीव कायद्यात येतात, तेव्हा मारायचा विषय वनखात्याच्या परवानगीशिवाय नाही. पिकाचं नुकसान झालं तर पंचनामा होऊन भरपाई मिळते, पण दारच्या झेंडूचा पंचनामा करायला कोणी यायचं नाही, तू अर्ज करणारी बाई आहेस म्हणून सांगते.

उरलेले कंद किती वाचलेत ते मोज. जखम झालेले बाजूला काढ, कुजतील. चांगले सावलीत पसरून सुकव आणि कोरड्या वाळूत ठेव. कमी पडले तर मी देते, यंदा माझ्याकडे एकेरी निशिगंध भरपूर वाढलाय, शिमग्याला येशील तेव्हा पिशवी भरून ने. येताना वेल्डमेशचा भाव पुण्यात काय आहे ते विचारून ये, इथला दुकानदार तोंडाला येईल तो सांगतो.

आणि तो खड्ड्याचा फोटो काडेपेटी शेजारी ठेवून पाठव, वरून.

तुझी,
सुमन