रोवणीआधी सर्पदंशाची रंगीत तालीम हवी

मा. संपादक,
स. न.

पूर्व विदर्भात धानाची रोवणी लागली की आरोग्य केंद्रांत सर्पदंशाचे रुग्ण वाढतात. उपचार साऱ्यांना पाठ असतात, पण रात्री दोन वाजता हात अडखळतात. जिल्ह्याला नेऊन दिलेल्या व्याख्यानाने ते सुधारत नाही. आपल्याच केंद्रात, आपल्याच खाटेवर, रात्रपाळीच्या माणसांना घेऊन तालीम करावी लागते.

खर्च जवळपास नाहीच. परिचराला रुग्ण करावे. मुदत संपलेल्या एएसव्हीच्या (सर्पविषावरच्या प्रतिविषाच्या) दहा व्हायलवर, म्हणजे छोट्या बाटल्यांवर, लाल शाईने ‘सरावासाठी’ लिहावे आणि नंतर त्या मोजून परत घ्याव्यात. ही मोजणी कधीच टाळू नये. एकाने फक्त घड्याळ बघून वेळा लिहाव्यात.

पहिली चूक व्हायलपाशीच होते. एएसव्हीची भुकटी प्रत्येकी १० मिली पाण्यात विरघळवायची असते. घाईत व्हायल जोरात हलवली की फेस येतो आणि औषध सिरिंजमध्ये ओढले जात नाही. ती हलकेच गोल फिरवावी. एकट्या सिस्टरला दहा व्हायलना किती मिनिटे लागतात हे घड्याळात दिसले, की दुसरा माणूस का हवा ते सांगावे लागत नाही. एएसव्हीची जोरदार अ‍ॅलर्जी येऊ शकते, म्हणून तिचे सलाईन सुरू करण्याआधी त्यावरचे अ‍ॅड्रेनालिन सिरिंजमध्ये भरून उशाशी हवे: मोठ्या माणसाला ०.५ मिग्रॅ, मांडीच्या स्नायूत. लहान मुलाला अ‍ॅड्रेनालिन वजनानुसार, एएसव्ही मात्र मोठ्यांइतकीच. सापाने विष कमी सोडलेले नसते.

काही सापांच्या विषाने रक्त गोठेनासे होते; ते ओळखण्याची २० मिनिटांची चाचणी कोरड्या, नव्या काचेच्या नळीतच करावी. प्लास्टिकच्या किंवा साबणाने धुतलेल्या नळीत चांगले रक्तही गोठत नाही आणि गरज नसताना एएसव्ही दिली जाते.

मण्यारच्या दंशात सूज नसते. पापण्या जड होतात, मग श्वास थांबतो. म्हणून अंबू बॅगचा (हाताने दाबून श्वास देण्याच्या पिशवीचा) सराव डमीवर हवाच. एका हाताने धरलेल्या मास्कमधून हवा गळते. एकाने दोन्ही हातांनी मास्क दाबावा, दुसऱ्याने दर ५-६ सेकंदांनी बॅग दाबावी, छाती उचलताना दिसली पाहिजे. हे १०८ च्या धावत्या गाडीतही करून बघावे.

शेवटी दहा मिनिटे बोलावे: कोण चुकले ते नको, काय अडले ते. डॉक्टरांनी सर्वांत शेवटी बोलावे, नाहीतर एएसव्हीच्या फ्रिजची चावी रात्री कुणाच्या तरी घरी जाते हे परिचर सांगणारच नाही.

जूनमध्ये दोन आणि ऑगस्टमध्ये एक तालीम, त्यातली एक तरी रात्री, असा लेखी आदेश आरोग्य विभागाने प्रत्येक केंद्राला द्यावा.

– एक वैद्यकीय अधिकारी, जि. गडचिरोली