डोक्यावरचं पाणी मोजणारा सिग्नल

पुणे,
रविवार

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. जमीन मोजायच्या रोव्हरचा, म्हणजे आम्ही हातात घेऊन फिरतो त्या जीपीएस यंत्राचा, आणि पावसाचा काय संबंध, असं तू फोनवर विचारलंस. ते घाईत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहायला बसलो. २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या पुरात वाशिष्ठीचं पाणी घरात घेतलेल्या माणसाला हे कळायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं.

जीपीएसचे उपग्रह साधारण २०,२०० किलोमीटरवर फिरतात. त्यांचा सिग्नल वाटेत हवेत शिरला की किंचित रेंगाळतो आणि अंतर आहे त्याहून जास्त भरतं. उपग्रह थेट डोक्यावर आणि आपण समुद्रसपाटीला असलो, तरी दोन-सव्वादोन मीटरच्या वर फरक पडतो. मोजणीवाल्यांसाठी ही चूक. ती काढून टाकायची आणि बांध कुठे येतो ते सांगायचं, एवढंच आमचं काम. पण १९९२ साली शास्त्रज्ञ मायकेल बेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं की या चुकीतच हवेतल्या बाष्पाचं माप दडलेलं आहे.

बहुतेक उशीर कोरड्या हवेमुळे होतो आणि तो जमिनीवरच्या हवेच्या दाबावरून बऱ्यापैकी अचूक काढता येतो. अगदी वरच्या विद्युतभारित थरांचा परिणाम दोन वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी ताडून वजा होतो. मग उरतो तो बाष्पाचा उशीर. कोरड्या थंडीत तो काही सेंटिमीटर असतो, कोकणातल्या आषाढात चाळीसच्या आसपास जातो. साडेसहा मिलिमीटर उशीर म्हणजे डोक्यावरच्या हवेत साधारण एक मिलिमीटर पाणी. शिवाय ढग असोत की धो धो पाऊस, हा सिग्नल खाली पोचतोच.

आता मुंबईचा २६ जुलै २००५ चा दिवस घे. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि त्याच शहरात कुलाब्याला पाऊणशेच्या आत. भर पावसाळ्यात मुंबईवरच्या हवेत एका वेळी पाणी असतं साठ-सत्तर मिलिमीटर. ते सगळंच्या सगळं पिळून काढलं तरी ९४४ होत नाहीत. म्हणजे जितकं बाष्प पडत होतं तितकं नवं बाष्प आजूबाजूने आणि समुद्रावरून अखंड येऊन तिथे गोळा होत होतं. म्हणून किती बाष्प आहे याच्याइतकंच ते कुठून येतंय, किती वेगाने वाढतंय आणि वीस किलोमीटरवर काय चाललंय, हेही बघावं लागतं.

वरच्या हवेतलं बाष्प मोजणारे हवामानाचे फुगे सोडले जातात ते सहसा पहाटे साडेपाच आणि संध्याकाळी साडेपाच वाजता. मधल्या बारा तासांत कोकणात काय काय होतं ते तू पाहिलंयस. जमिनीवर कायम रोवलेला जीपीएस रिसीव्हर मात्र दर काही मिनिटांनी आकडा देऊ शकतो. जपानने हे मनावर घेतलं. जमिनीची हालचाल टिपण्यासाठी त्यांनी देशभर सुमारे १,३०० स्टेशनं उभारली, आणि २००९ पासून त्यांचं हवामान खातं त्यांतली बाष्पाची माहिती पावसाच्या अंदाजाच्या मॉडेलमध्ये घालतं. आपल्या हवामान खात्याचीही बाष्प मोजणारी पंचवीसेक स्टेशनं आहेत. भारतीय सर्वेक्षण विभागाची कॉर्स स्टेशनं, म्हणजे कायम चालू असणारे रोवलेले रिसीव्हर, तर महाराष्ट्रभर आहेत. आमचे रोव्हर त्यांच्याच आधारावर चालतात. यातलं प्रत्येक स्टेशन पावसासाठीही वाचलं गेलं पाहिजे, शेजारी दाब आणि तापमान मोजणारं साधन बसवून, आणि तेही ताबडतोब. महिन्याभराने काढलेल्या आलेखाचा चिपळूणला काय उपयोग?

एवढ्याने सगळं सुटत नाही, हेही सांगतो. जुलैत कोकणातली हवा रोजच ओली असते, त्यामुळे नुसत्या मोठ्या आकड्यावरून अतिवृष्टी सांगता येत नाही. ती हवा वर उचलली जावी लागते. ते काम सह्याद्री करतो, वारे करतात, आणि उशिराच्या मापात ते दिसत नाही. दुसरी अडचण जास्त मोठी: आपला पाऊस अरबी समुद्रावरून येतो आणि समुद्रात खांब रोवता येत नाहीत. जपानने जहाजांवर रिसीव्हर चढवले. २०१९ मध्ये सोडलेले कॉस्मिक-२ चे सहा उपग्रह क्षितिजाकडून वातावरण कापत येणारे सिग्नल पकडतात आणि समुद्रावरची हवा थरांथरांनी दाखवतात, पण त्यांचं एकेक माप शेकडो किलोमीटरच्या पट्ट्याची सरासरी असते. एका खोऱ्यासाठी ते फार ढोबळ. माझ्या मते किनाऱ्यावर दाट स्टेशनं आणि रत्नागिरी-मुंबईच्या जहाजांवर रिसीव्हर, ही जोडी आपल्याला हवी.

आता तुझ्याकडे एक काम. शाळेच्या गच्चीवरच्या पर्जन्यमापकाची नोंद तुम्ही सकाळी साडेआठला एकदाच घेता ना? या पावसाळ्यात जोर वाढला की शाळेच्या वेळेत मुलांकडून दर तासाला घेशील का? वेळ मिनिटासकट लिहायला सांग. जवळच्या कॉर्स स्टेशनचा कच्चा डेटा मी मिळवतो आणि पाऊस कोसळायच्या आधी बाष्प किती तास चढत होतं ते दोन्ही नोंदी शेजारी ठेवून बघतो. गच्चीवर मात्र विजा चमकत असताना कुणालाही पाठवू नकोस.

काकूंना नमस्कार. नोंदवहीचे फोटो दर शनिवारी पाठव.

तुझा,
अविनाश