चाळीस डॉलरच्या यादीत कोण नाही?

महोदय,

एचआयव्हीची लागण टाळणारे लेनाकापाविरचे इंजेक्शन २०२७ पासून १२० देशांत वर्षाला ४० डॉलरला, म्हणजे साधारण साडेतीन हजार रुपयांना मिळेल, अशी घोषणा सप्टेंबर २०२५ मध्ये झाली. अमेरिकेत त्याची छापील किंमत वर्षाला २८,२१८ डॉलर आहे. ही तफावत पाहून बहुतेकांनी विषय मिटला असे मानले. एड्सविरोधी कामासाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या यूएनएड्स या संस्थेच्या कार्यकारी संचालक, युगांडाच्या विनी ब्यानयिमा यांची मागणी मात्र याहून मोठी होती.

जुलै २०२४ मध्ये त्यांनी हे औषध बनवणाऱ्या गिलियड कंपनीला सांगितले होते की स्वस्त प्रती बनवण्याचा परवाना मेडिसिन्स पेटंट पूल या औषध-परवाने मिळवून देणाऱ्या संस्थेमार्फत द्या आणि तो सर्व अल्प व मध्यम उत्पन्न देशांना लागू करा. ऑक्टोबरमध्ये गिलियडने पूलला वळसा घालून सहा कंपन्यांना थेट परवाने दिले आणि देशांची यादी स्वतःच ठरवली. ब्राझील, अर्जेंटिना, मेक्सिको व पेरू त्यातून वगळले. याच देशांतल्या लोकांवर औषधाच्या चाचण्या झाल्या होत्या!

औषध प्रभावी आहे यात शंका नाही. दक्षिण आफ्रिका व युगांडातील चाचणीत ते घेणाऱ्या २,१३४ स्त्रियांपैकी एकीलाही लागण झाली नाही. पण ‘वर्षातून दोन टोचण्या’ एवढेच सांगून भागत नाही. पहिल्या दिवशी पोटाच्या किंवा मांडीच्या त्वचेखाली दीड-दीड मिलीची दोन इंजेक्शने (मिळून ९२७ मिग्रॅ) आणि ३०० मिग्रॅच्या दोन गोळ्या, दुसऱ्या दिवशी घरी पुन्हा दोन गोळ्या. या गोळ्या राहिल्या तर रक्तातली पातळी वेळेत चढत नाही. शिवाय त्यांचा खर्च ४० डॉलरमध्ये धरलेला नाही. पुढचा डोस २६ आठवड्यांनी. दोन आठवडे मागेपुढे चालते. २८ आठवडे उलटले की एचआयव्ही तपासून सगळे पहिल्यापासून. मध्येच सोडले तर औषधाचा अंश वर्षभर किंवा त्याहून जास्त शरीरात रेंगाळतो. त्या काळात लागण झाल्यास विषाणू औषधाला दाद देईनासा होऊ शकतो. क्षयरोगावरचे रिफॅम्पिसिन सुरू झाल्यास पातळी घसरते, म्हणून जादा डोस लागतो. आफ्रिकेत हे दोन्ही आजार एकत्र आढळतात, हे विसरून चालणार नाही.

सहा महिन्यांनी माणूस केंद्रावर परत येईल का, हे कायद्यावरही ठरते. मे २०२३ मध्ये युगांडाने समलैंगिक संबंधांना जन्मठेप आणि काही प्रकरणांत मृत्युदंड ठेवणारा कायदा केला. त्यामुळे लोक उपचारांपासून दूर जातील, असा इशारा ब्यानयिमा यांनी ग्लोबल फंड (एड्स, क्षय व मलेरियाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय निधी) व पेपफार (अमेरिकी सरकारचा एड्स-मदत कार्यक्रम) यांच्या प्रमुखांसह संयुक्त निवेदनात दिला. आपल्याच देशाच्या सरकारविरुद्ध उघड बोलणारे आंतरराष्ट्रीय अधिकारी किती असतात?

२००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने एचआयव्हीवरचे तीन औषधांचे उपचार वर्षाला ३५० डॉलरला देऊ केले, तेव्हा पाश्चात्त्य देशांतला भाव १०,००० डॉलरच्या वर होता. भारतात त्या वेळी औषधांवर उत्पादन-पेटंट नव्हते, म्हणजे तेच औषध वेगळ्या पद्धतीने बनवून विकता येत असे. २००५ पासून आहे. म्हणून आता परवान्यातली देशांची यादी निर्णायक ठरते. परवाना मिळालेल्या सहा कंपन्यांत पुण्याची एमक्युअर आहे, पण त्या परवान्याच्या हद्दीत ब्राझील बसत नाही.

– एक वाचक, पुणे