पाचशे रुपयांचं चलन कोठडीपर्यंत कसं जातं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

वाहतूक दंडाच्या थकलेल्या चलनाबद्दल लोक दोन टोकांचं बोलतात. एकजण म्हणतो, काही होत नाही, भरू नका, पुढच्या लोकअदालतीत कमी करून घेऊ. दुसरा मोबाइलवरचा मेसेज वाचूनच गळाठतो, की आता पोलीस दारात येणार. मी पोलीस खात्यातून सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. नोकरीची शेवटची वर्षं पोलीस ठाण्यात समन्स-वॉरंटच्या टेबलावर गेली. त्यामुळे हा कागद कुठून निघतो आणि कुठे जाऊन पोहोचतो हे मी रोज पाहिलं आहे. त्याबद्दल लिहायलाच हवं असं वाटलं.

आधी सरळ गोष्ट. नो पार्किंगला गाडी लावली म्हणून कायदा कुणाला तुरुंगात टाकत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 177 खाली पहिल्या वेळी 500 रुपये आणि पुढच्या वेळी 1,500 रुपयांपर्यंत दंड आहे. कैदेची शिक्षाच नाही. तरीही याच कलमापायी माणसं लॉकअपमध्ये बसलेली मी पाहिली आहेत. त्यांच्यापैकी बहुतेकांना आपल्यावर केस आहे हेच ठाऊक नव्हतं.

हे असं घडतं. दंड भरला नाही की प्रकरण न्यायालयात जातं. न्यायालय समन्स काढतं. समन्स बजावायला हवालदार आरसी बुकावरच्या पत्त्यावर जातो. तो पत्ता गाडी घेतली तेव्हाचा, माणूस तिथून कधीच गेलेला. शेजाऱ्याला विचारलं तर तो म्हणतो, माहीत नाही. मग कागदावर शेरा पडतो, ‘सदर इसम दिले पत्त्यावर मिळून आला नाही’. एक-दोन तारखांना पुकारा होतो, कुणी उभं राहत नाही, आणि वॉरंट निघतं. आधी जामीनपात्र, तेही तसंच परत आलं तर अजामीनपात्र. वॉरंटाला मुदत नसते. काढलेल्या न्यायालयाने रद्द करेपर्यंत किंवा बजावणी होईपर्यंत ते जिवंत राहतं.

दोन्ही वॉरंटांतला फरक लोकांना कुणी समजावून सांगत नाही. जामीनपात्र वॉरंटावर रक्कम, जामीनदार आणि हजर राहायची तारीख लिहिलेली असते. पोलीस ठाण्यातच बंधपत्र लिहून द्या आणि घरी जा. अजामीनपात्र असेल तर ठाणे अंमलदाराचे हात बांधलेले. गुन्हा नो पार्किंगचा आहे हे त्यालाही दिसत असतं, पण सोडायचा अधिकार त्याच्याकडे नसतो. 24 तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करायचं, तोवर माणूस ताब्यात.

एक टेम्पोवाला माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. मार्केटमध्ये माल उतरवताना टेम्पो रस्त्यावर उभा केला, त्याचं जुनं चलन. वॉरंट बजावणीची मोहीम चालू होती, शनिवारी संध्याकाळी त्याला आणला. त्याची बायको डबा घेऊन मागोमाग आली आणि मला विचारू लागली, “साहेब, यांनी कुणाला उडवलं का? कुणी गेलं का हो?” वॉरंटावर केस नंबर आणि ‘मो.वा.का. क. 177’ एवढंच लिहिलेलं. त्यावरून तिला काय कळणार? रात्र लॉकअपमध्ये गेली. रविवारी सुट्टीच्या न्यायालयात नेला. तिथे साहेबांनी कागद पाहिला आणि जातमुचलक्यावर लगेच सोडला, पुढच्या तारखेला मूळ कोर्टात हजर राहा म्हणून. त्या तारखेला त्याचा आणखी एक दिवस बुडाला, वकिलाची फी गेली, आणि शेवटी भरला काय, तर तोच दंड.

त्याला शोधून काढला तो मोबाइल नंबरवरून. तो नंबर गाडीच्या नोंदीतच होता. माझा प्रश्न एवढाच आहे. वॉरंटाच्या वेळी जो नंबर सापडतो, तो समन्सच्या वेळी का सापडत नाही? आधी एक फोन केला असता तर तो माणूस दुसऱ्या दिवशी पैसे घेऊन कोर्टाच्या दारात उभा राहिला असता. असे लोक पळणारे नसतात हो. त्यांना कळलेलंच नसतं.

यात पोलीस शिपायाचाही सगळा दोष नाही, हे मी खात्याची बाजू घ्यायची म्हणून सांगत नाही. एका माणसाच्या हातात समन्सचा गठ्ठा असतो, त्यातच बंदोबस्त आणि आरोपी पार्टी, म्हणजे आरोपींना कोर्टात नेणं-आणणं. त्यात जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत अशी तरतूद होती की माणूस घरी नसेल तर समन्स घरातल्या प्रौढ पुरुषाकडे द्यायचं. घरी बायको, आई किंवा मोठी मुलगी असली तरी कागद परत यायचा, शेरा ‘घरी पुरुष माणूस नाही’. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने ही अट काढली. आता घरातली कुणीही प्रौढ व्यक्ती समन्स घेऊ शकते. याच संहितेने समन्स इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पाठवायची सोय केली, आणि पत्ता, ईमेल, फोन नंबर यांची नोंदवही पोलीस ठाण्यात किंवा न्यायालयात ठेवायला सांगितली. कायद्याने दार उघडून दिलं आहे. चलनाच्या प्रकरणांत त्या दारातून जायची तसदी घेतली जाते का, हे वरिष्ठांनी पाहायला हवं.

सर्वोच्च न्यायालयाने 2007 साली इंदर मोहन गोस्वामी खटल्यात वॉरंटांचा क्रम सांगून ठेवला आहे. आधी समन्स, मग जामीनपात्र वॉरंट, आणि माणूस मुद्दाम न्यायालय चुकवतो आहे अशी खात्री झाली तरच अजामीनपात्र. ‘मिळून आला नाही’ या शेऱ्यावरून मुद्दाम चुकवल्याची खात्री कशी होते? ज्याला कागद मिळालाच नाही तो चुकवणार काय?

गाडी विकलेल्यांचं दुखणं याहून वेगळं. घेणारा म्हणतो, नाव मी लावून घेतो, आणि लावत नाही. सिग्नलवर तो फोटोत येतो, चलन जुन्या मालकाच्या नावावर. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या 2018 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की नोंदीत ज्याचं नाव तोच कायद्याच्या दृष्टीने मालक. तो अपघाताच्या भरपाईचा खटला होता, पण चलनाच्या टेबलावरही गाडा याच नियमाने चालतो. विकणाऱ्याने 14 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. फॉर्म 29, म्हणजे गाडी विकल्याची सूचना, त्यावर सही करून तो घेणाऱ्याच्या हातात ठेवला म्हणजे आरटीओला कळवलं असं होत नाही.

आता रस्त्यावर, जागच्या जागी होणाऱ्या अटकेबद्दल. मोटार वाहन कायद्याच्या कलम 202 प्रमाणे गणवेशातला पोलीस वॉरंटाशिवाय अटक करू शकतो ती ठरावीक प्रसंगी. त्याच्यासमोर कलम 184 खालचं धोकादायक ड्रायव्हिंग झालं, दारू पिऊन गाडी चालवली, किंवा दुसऱ्याची गाडी परवानगीशिवाय नेली. आणि या कायद्याखालचा कुठलाही गुन्हा करून नाव-पत्ता सांगायला नकार दिला. हे शेवटचं फार थोड्यांना माहीत आहे. हेल्मेट नाही म्हणून अटक होत नाही, पण ‘नाव कशाला सांगू?’ म्हणून अडून बसलात तर होऊ शकते. शिवाय 2019 च्या दुरुस्तीने सिग्नल तोडणं, उलट दिशेने गाडी घालणं आणि हातात मोबाइल धरून गाडी चालवणं हे कलम 184 मध्ये आणून बसवलं. पहिल्याच गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा 1,000 ते 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. ज्याला आपण ‘साधा सिग्नल’ म्हणतो तो आता साधा राहिलेला नाही. चुकीच्या जागी लावलेल्या गाडीने रस्ता अडला तर भारतीय न्याय संहितेचं कलम 285 लागू शकतं. शिक्षा 5,000 रुपयांपर्यंत दंडाचीच, पण तो दखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे एफआयआर.

मात्र रस्त्यावरच्या अटकेचं सगळ्यात मोठं कारण कलम 177 नाही आणि 184 ही नाही. ते आहे बाचाबाची. हवालदार मोबाइलवर गाडीचा फोटो काढतो, मालक धावत येतो, “अहो, दोन मिनिटं तर उभी केली होती”, आवाज चढतो, कुणीतरी शूटिंग सुरू करतं, मालक हवालदाराचा मोबाइल हिसकावतो नाहीतर हाताला झटका देतो. 500 रुपयांचा विषय तिथे संपला. आता भारतीय न्याय संहितेचं कलम 132, सरकारी नोकराला कर्तव्यापासून रोखण्यासाठी बळाचा वापर, दोन वर्षांपर्यंत कैद, अजामीनपात्र. त्या मोबाइलवर हात टाकणारी माणसं मी जवळून पाहिली आहेत. नोकरदार, दुकानदार, कॉलेजची पोरं. आयुष्यात पोलीस ठाण्याची पायरी न चढलेली. पासपोर्टच्या पडताळणीत, नोकरीच्या चारित्र्य दाखल्यात ती केस पुढे येत राहते. आमच्या माणसांनाही माझं सांगणं असे, की चालकाच्या गाडीची चावी ओढून काढू नका, तिथेच त्याचं डोकं फिरतं. चलन करा, फोटो काढा, जाऊ द्या.

असा गुन्हा दाखल झाला तरी अटक झालीच पाहिजे असं नाही. अर्नेश कुमार खटल्यात 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात उठसूट अटक करायची नाही. गरज काय, ती लेखी नोंदवायची, नाहीतर नोटीस देऊन बोलवायचं. तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेचा गुन्हा आणि माणूस 60 वर्षांवरचा किंवा आजारी असेल, तर पोलीस उपअधीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याची परवानगी घेतल्याशिवाय अटक करता येत नाही. घरच्यांना कळवणं आणि अटकेचं कारण सांगणं बंधनकारक आहे. ही माहिती ज्येष्ठ नागरिक संघांनी आपल्या फलकावर लावावी.

लोकअदालतीच्या मेसेजने घाबरणाऱ्यांसाठी दोन ओळी. लोकअदालत तडजोडीसाठी असते. ती शिक्षा करत नाही, अटकेचा हुकूमही काढत नाही. तिथे गेला नाहीत म्हणून दारात पोलीस येणार नाहीत, पण प्रकरण नंतर न्यायालयात जाऊ शकतं, आणि तिथून समन्स. हीच भीती भामटेही वापरतात. व्हॉट्सॲपवर ‘चलन’ नावाची एपीके फाइल, म्हणजे मोबाइलमध्ये ॲप बसवणारी फाइल, आली तर ती उघडू नका. गाडीचा नंबर टाकून महाट्रॅफिक ॲपवर किंवा परिवहन खात्याच्या ई-चलन संकेतस्थळावर स्वतः पाहा.

ज्यांच्यावर वॉरंट निघालंच आहे त्यांनी पोलीस येण्याची वाट पाहू नये. कामाच्या दिवशी सकाळी, वकिलाबरोबर, स्वतःहून न्यायालयात जाऊन वॉरंट रद्द करण्याचा अर्ज द्यावा. स्वतः हजर झालेल्या माणसाला न्यायालय सहसा वेगळ्या नजरेने पाहतं.

वाहतूक शाखा आणि न्यायालय प्रशासन यांच्याकडे माझ्या तीन मागण्या आहेत. फक्त दंडाची शिक्षा असलेल्या वाहतूक प्रकरणात वॉरंट मागण्याआधी गाडीच्या नोंदीतल्या नंबरवर फोन केला, केव्हा केला आणि काय उत्तर मिळालं, हे बजावणी अहवालात लिहिणं सक्तीचं करावं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 208 प्रमाणे अनेक किरकोळ प्रकरणांत वकिलामार्फत हजर राहण्याची किंवा पत्राने गुन्हा कबूल करून रक्कम पाठवण्याची सोय आहे. ती समन्सवर मोठ्या अक्षरांत, साध्या मराठीत छापावी, आणि गुन्हा काय तेही कलमाच्या आकड्याऐवजी शब्दांत लिहावं. आणि अशा प्रकरणांतली वॉरंटं शनिवार-रविवारी आणि सणाच्या आदल्या दिवशी बजावू नयेत. या तिन्हींसाठी नवा कायदा लागत नाही. एक परिपत्रक पुरे.

आपला,
एक निवृत्त सहायक फौजदार