घाटाच्या पायथ्याची गाडी

वाई,
रविवार, 10 ऑगस्ट 2025

प्रिय बंड्या,

तुझा व्हॉइस मेसेज तीनदा ऐकला. "इलेक्ट्रिक बाइक घेऊ का नको, एका शब्दात सांग." एका शब्दात सांगता आलं असतं तर फोनच केला असता. पण फोनवर तू मध्येच तोडतोस आणि दहाव्या मिनिटाला आपण तुझ्या यामाहा आरएक्स-हंड्रेडवर जाऊन पोचतो. म्हणून लिहायला बसलोय. बाहेर पावसाने धरलंय, गाडी पडवीत चार्जिंगला लावलीय, आणि सौ. माहेरी आहे, त्यामुळे वेळच वेळ.

आधी कालची गंमत. राखीसाठी ताई आली होती, बरोबर भाचा. यंदा दहावीला आहे, मिसरूड फुटलंय. मी गाडी अंगणात आणली, स्टँड लावला आणि किल्ली तशीच ठेवून आत फोन घ्यायला गेलो. हा बसला, स्टँड वर केला आणि मला हाक मारून विचारतो, "मामा, ही चालू कशी करायची?" विचारता विचारता मूठ पिळली. चालू कशी करायची? ती चालूच होती! गाडी सरळ तुळशीवृंदावनावर. पोराला काही झालं नाही. एक इंडिकेटर गेला, वृंदावनाचा कोपरा उडाला, आणि ताईने मला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. पेट्रोलची गाडी चालू असली की ओरडून सांगते. ही गप्प उभी असते आणि हिच्यात जीव आहे का नाही हे पडद्यावरच्या नखाएवढ्या हिरव्या अक्षरांवरून ओळखायचं. उतरलो की किल्ली खिशात, हा पहिला नियम मी सव्वादोन वर्षांनी शिकलो.

घेतली ती मे 2023 मध्ये. तो महिना तुला आठवत असेल, कारण तेव्हा तू मला वेड्यात काढलं होतंस. 1 जूनपासून केंद्राचं अनुदान बॅटरीच्या एका किलोवॅट-तासाला (म्हणजे एका युनिटला) 15 हजारांवरून 10 हजारांवर येणार होतं, आणि वर गाडीच्या किमतीच्या 40 टक्क्यांची कमाल मर्यादा 15 टक्क्यांवर. शोरूममध्ये लग्नघरासारखी गर्दी. मी पण त्या गर्दीतलाच, उगाच दूरदृष्टीचा आव आणत नाही. त्यानंतर अनुदान आणखी बरंच उतरलं, त्यामुळे मी दिलेल्या किमतीशी तुझी किंमत ताडून बघू नकोस, त्रास होईल.

आई पहिले सहा महिने गाडी पडवीत चार्ज करू देत नव्हती. 2022 च्या उन्हाळ्यात स्कूटर पेटल्याचे व्हिडिओ तिनेही बघितलेले. तिचं चुकत नव्हतं. त्यानंतर सरकारने बॅटरीच्या चाचण्यांचे नियम कडक केले, ते डिसेंबर 2022 आणि मार्च 2023 अशा दोन टप्प्यांत लागू झाले. माझी गाडी त्यानंतरची. शिवाय हिच्यातले सेल एलएफपी, म्हणजे लोह-फॉस्फेटचे. ते तापून भडकायला दुसऱ्या जातीच्या सेलपेक्षा बरंच जास्त तापमान लागतं. हे सगळं आईला समजावलं. ती म्हणाली, "बरं, मग तू तिथंच झोप." झोपलोही दोन रात्री.

पण खरी आग लागता लागता राहिली ती बॅटरीत नाही, भिंतीत. चार्जर जेमतेम साडेआठशे वॉटचा, इस्त्रीपेक्षाही कमी, म्हणून मी पडवीतला जुनाच सॉकेट वापरत होतो. इस्त्री अर्धा तास चालते, हा चार तास एकसारखा ओढतो, हा फरक डोक्यात आला नाही. सॉकेटची आतली पट्टी सैल झाली होती. एका रात्री पिन काढायला गेलो तर हाताला चटका, पिनेभोवतीचं प्लास्टिक तपकिरी होऊन वाकलेलं, आणि तो ओळखीचा माशासारखा वास. दुसऱ्याच दिवशी वायरमनला बोलावून मीटरपासून वेगळी लाइन ओढली, सोळा अँपिअरचा चांगला सॉकेट, वेगळा एमसीबी, गळती पकडणारा आरसीसीबी, आणि अर्थिंगचा खड्डा नव्याने, मीठ-कोळसा घालून. तेव्हा खर्च जीवावर आला होता. तुला सांगतो, गाडीच्या रंगाआधी हे काम कर.

आता हिशेब, कारण तू शेवटी तिथेच येणार. रोजचं माझं वाई ते पाचगणी, पसरणी घाटाने बारा किलोमीटर वर, शाळेच्या हापिसात दिवसभर पावत्या, आणि संध्याकाळी बारा खाली. चढ साधारण पावणेसहाशे मीटरचा. गाडी आणि मी मिळून सव्वादोनशे किलोच्या वर (हसू नकोस, त्यात गाडीचं वजन जास्त आहे), एवढं ओझं तिथवर नुसतं उचलायलाच एका युनिटचा तिसरा हिस्सा लागतो, रस्ता आणि वारा वेगळा. बॅटरी सव्वातीन युनिटची. सकाळी शंभर टक्क्यांवर निघालो की वर एकोणऐंशी. आणि संध्याकाळी खाली आलो की एक्याऐंशी! पहिल्यांदा बघितलं तेव्हा ढोल्या गणपतीसमोर गाडी थांबवून आकडा पुन्हा वाचला. उतारावर मोटार उलटी जनरेटरसारखी चालते, त्याला रीजन म्हणतात. दोनच टक्के, पण बारा किलोमीटर येऊन डबा थोडा भरलेलाच परत आल्यासारखं वाटतं.

यातली मेख मला शेजारच्या टेबलावरच्या बाईंमुळे कळली. त्या पाचगणीत राहतात, त्यांची इलेक्ट्रिक स्कूटर. वाईला काम असलं की रात्री फुल्ल चार्ज, सकाळी उतरायचं. भरलेल्या बॅटरीत आणखी वीज घालायला जागाच नसते, म्हणून रीजन बंद. आणि उतारावर वीज खर्चच होत नाही, म्हणून बॅटरी भरलेलीच राहते, म्हणजे अख्खा घाट रीजन बंदच. सगळा भार ब्रेकवर. त्यांचे मागचे ब्रेक जळका वास सोडायचे आणि त्या म्हणायच्या गाडीच डिफेक्टिव्ह. आता पंच्याऐंशीला चार्जिंग थांबवतात, वास गेला. पायथ्याशी राहणाऱ्याला ही गाडी जितकी धार्जिणी, तितकी माथ्यावर राहणाऱ्याला नाही, हे कुठला सेल्समन सांगत नाही. तुला नागपुरात घाटच नाही, तेव्हा सोड.

महिन्याला आठशे किलोमीटर होतात, मीटरवर अठ्ठावीस-तीस युनिट. घरचा वापर आधीच शंभराच्या वर, त्यामुळे हे युनिट महागड्या टप्प्यात पडतात. सगळे आकार धरून चारशेच्या आत भागतं. जुन्या दीडशे सीसीला घाटात पंचेचाळीसचं अ‍ॅव्हरेज होतं, म्हणजे अठरा लिटर पेट्रोल, एकोणीसशे रुपये. पण बचतीचं एवढं कौतुक सांगू नकोस कुणाला. एकदा गाडी बिघडली की दोन-तीन महिन्यांची बचत टेम्पोवाला घेऊन जातो. ते सांगतोच.

त्याआधी पाचवडची रात्र. व्हॉट्सअ‍ॅपवर सगळे सांगतात, ऐंशी टक्क्यांच्या वर चार्ज करू नका. मी दोन महिने इमानेइतबारे पाळलं. एकदा साताऱ्याहून परत येताना पाचवड फाट्याआधी पडद्यावर चोवीस टक्के, वाई नऊ-दहा किलोमीटर. निवांत होतो. चोवीसचे एकदम सात झाले आणि गाडी बैलगाडीच्या चालीने रांगायला लागली. नंतर कळलं ते असं: या सेलचा व्होल्टेज भरलेला असो की अर्धा, जवळजवळ सारखाच राहतो, अगदी शेवटी धपकन पडतो. त्यामुळे आतला बीएमएस, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट, व्होल्टेज बघून टक्के सांगू शकत नाही. किती गेली, किती आली याची वही मांडतो, आणि प्रत्येक वहीत रोज थोडी चूक राहतेच. शंभर टक्के झाल्यावरच त्याला ताळा जमवता येतो. मी दोन महिने ताळाच होऊ दिला नव्हता. आणि मी पेशाने हिशेबनीस! तो ऐंशीचा सल्ला दुसऱ्या जातीच्या सेलचा. माझ्यासारखे असतील तर आठवड्यातून एकदा पूर्ण भरायचं आणि भरल्यावरही तासभर प्लग राहू द्यायचा, म्हणजे सगळे सेल एका पातळीला येतात. तू घेशील तेव्हा सेल कुठले एवढं नक्की विचार. सेल्समनला माहीत नसेल तर बॅटरीवरचं लेबल वाच.

तर त्या रात्री पंक्चरवाल्याच्या टपरीवर गाडी ढकलत नेली. चार्जर डिकीत होता म्हणून बरं. त्याने कॉम्प्रेसरची पिन काढून माझी लावून दिली. वर बाकड्यावर बसवलं, आणि पाच मिनिटं चार्जरच्या पंख्याचा आवाज ऐकून म्हणाला, "मोबाइलवानीच की. पण ह्यात पंक्चर झालं तर आमच्याकडंच यायचं ना?" म्हटलं, टायर तेच आहेत दादा. "मग चालू द्या," म्हणाला. तासाभरात चोवीस-पंचवीस टक्के आले. पैसे घेईना, म्हणून दोन चहा मागवले. त्याचाही चहा त्याने स्वतःच्या खात्यावर लिहायला लावला.

आता बिघाड. मागच्या जानेवारीत सकाळी किल्ली फिरवली तर पडदा काळा. बॅटरी भरलेली, गाडी मेलेली. आपण काय करायचो? स्पार्क प्लग काढायचा, पॉलिश पेपर मारायचा, कार्ब्युरेटरला फुंकर, तू किक मारायचास आणि मी ढकलायचो. इथे काढायचं काय? सीट उघडून बघत बसलो, नुसते नारिंगी वायरी आणि सीलबंद डबे. साताऱ्यातलं सर्व्हिस सेंटर तोवर बंद पडलेलं. जवळचं म्हणजे पुणं. छोटा हत्ती करून गाडी पाठवली, साडेतीन हजार. तिथे एका पोराने लॅपटॉप लावला, वीस मिनिटांत सांगितलं, बॅटरीचा मोठा व्होल्टेज बाराला उतरवणारा कन्व्हर्टर गेलाय. पडदा, दिवा, हॉर्न, सगळं त्या बारावर. छोटासा डबा, वॉरंटीत. पण तो यायला एकोणीस दिवस. फोन केला की "सिस्टीमला टाकलंय सर". एकोणीस दिवस मी एसटीने गेलो. गाडीने दगा दिला याचा राग नव्हता, आपली आरएक्स काय कमी रुसायची? राग होता हाताला काही कामच नसल्याचा. डब्याचं तोंडही कंपनी उघडू देत नाही.

म्हणजे मेंटेनन्स नाहीच, असं नाही. ऑइल, फिल्टर, प्लग, क्लच केबल गेलं, पण चेन आहे. पाचशे किलोमीटरला साफ करून स्प्रे, पावसाळ्यात तीनशेला. मोटारीचा सगळा जोर मूठ पिळल्या क्षणी चेनवर येतो आणि बाकी आवाजच नसल्यामुळे चेन कोरडी पडली की गावभर ऐकू जातं. टायरची हवा दर रविवारी. चार पौंड कमी असली की घाटात दोन टक्के जास्त जातात, मी मोजलंय. ब्रेक पॅड बावीस हजारांत एकदाच बदलले. वॉशिंग सेंटरला प्रेशरचा फवारा मारू देत नाही. बॅटरी पाण्याला दाद देत नाही हे खरं, पण बाकीच्या कनेक्टरांचा भरवसा नाही. बादली आणि फडकं. चार्जिंगच्या तोंडावरची रबरी टोपी नीट बसली का ते बघायचं, पसरणीच्या धुक्यात तिथेही पाणी साठतं.

हो, आणि माकडं! घाटातल्या कठड्यावरची माकडं पेट्रोलच्या गाडीला बाजूला होतात. मला होत नाहीत. अगदी जवळ जाईपर्यंत पाठ करून बसलेली, मग दचकून माझ्याच अंगावर. हॉर्न वाजवायची लाज वाटते इतकं शांत असतं सकाळी, पण वाजवतो.

तुझ्यापुरतं सांगायचं तर: गाडीचा प्रश्न नाही, प्लगचा आहे. तिसऱ्या मजल्यावर राहतोस. काढता येणारी बॅटरी मिळते, पण तीही चांगलीच जड, आणि लिफ्ट बंद असलेल्या दिवशी तुझी कंबर मला फोन करेल. खाली पार्किंगमध्ये तुझ्या स्वतःच्या मीटरवरून केबल ओढायची सोसायटीकडून लेखी परवानगी घे. कॉमन मीटरवर अजिबात नको, दोन महिन्यांत सोसायटीच्या सभेत तुझ्या नावाने विषय येईल. परवानगी मिळाली तर घे. नाही मिळाली तर नको घेऊस, आणि कुणी कितीही सांगितलं तरी रस्त्यावरच्या चार्जरच्या भरवशावर राहू नकोस. मे महिन्यात उन्हातून आल्या आल्या चार्जिंगला लावायची नाही, तासभर सावलीत उभी करायची. नागपूरचं ऊन मला सांगायला नको.

दिवाळीला येतोयस ना? तेव्हा स्वतः चालवून बघ. डिकीत चार्जर, रेनकोट आणि तुझा तो सोळा-एकवीसचा प्लग पाना आहे. हो, तोच. या गाडीला प्लग नाही हे मला माहीत आहे, तू चिडवायच्या आधीच लिहितो.

घरी सगळ्यांना नमस्कार, वहिनींना सांग की यंदा चकल्या जास्त लागतील.

तुझा,
पम्या

ता. क. सर्व्हिसवाल्यांनी चेन फारच ताणून ठेवलीय, घाटात वळणावर कुरकुरते. मागच्या एक्सलच्या नटाला लागणारा पाना माझ्याकडे नाही आणि इथल्या गॅरेजवाले "इलेक्ट्रिकला हात लावत नाही" म्हणतात. तुझ्याकडचा मोठा रिंग पाना येताना घेऊन ये. अंगणात बसून आपणच सैल करू.